न चाखलेली वडी

पहिल्याच भेटीत मी त्याच्या साबणाला नाव ठेवलं.

शिकेकाईची पाटी डोक्यावर घेऊन मी बराकीपुढून चालले होते, आणि तो दारात फळीवर वड्या मांडत होता. सन त्रेपन्न असेल. उल्हासनगरच्या कॅम्प पाचात तेव्हा फाळणीत आलेली सिंधी माणसं लष्कराच्या जुन्या बराकींत राहायची, आणि एकेका बराकीत एकेक धंदा उभा राहत होता. ही बराक परचोमल शेठच्या साबणाची.

"ए शिकेकाईवाली," तो म्हणाला, "कशाला एवढं ओझं वाहतेस? ही एक वडी वापर. केस रेशमासारखे होतील."

"आहेतच रेशमासारखे. डोळे आहेत ना तुला?"

त्याने पाहिलं. जरा जास्तच पाहिलं… मग मलाच पाटी सावरावी लागली. त्या रागात मी त्याच्या हातातली वडी घेतली आणि तिला जिभेचं टोक लावलं.

"चावते."

"कोण?"

"ही तुझी वडी. जिभेला चावते म्हणजे अंगालाही चावणार. कुणाच्या लेकराला लावू नकोस."

आम्ही चिखलोलीचे शेतकरी, पण माझं आजोळ खाडीवरच्या मिठागरातलं. आजी वाफ्यातलं पाणी जिभेला लावून सांगायची, मीठ आज धरेल की परवा. ती जीभ माझ्याकडे आली. शाळा म्हणाल तर दोन इयत्ता, पण चवीच्या बाबतीत मला शिकवणारा अजून भेटलेला नाही.

शेठ आतून ऐकत होते. साबण म्हणजे खोबरेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी. कॉस्टिक थोडं जरी वरचढ झालं तरी वडी कातडी सोलते, आणि ते दिसत नाही. शेठ बाहेर येऊन म्हणाले, "बेटी, कलसे आ जा. तेरी जबान मेरी मशीन."

अशी मी त्या बराकीत शिरले. आंबेहळद, नागरमोथा, वाळा कुटायचा आणि प्रत्येक घाण्याची, म्हणजे कढईभर साबणाची, पहिली वडी चाखायची, हे माझं काम. कढईत लाकडी दांडा फिरवायचं काम त्याचं. तो हरिचंद्र, बदलापूरचा, आमच्याच जातीतला. दंड असे की दांडा बारीक वाटावा. मी पाहत नव्हते… पण दिसायचं.

दुपारी माझी भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धी त्याची, हे कुणी ठरवलं ते आठवत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तरी हात पुढेच.

"मिरची आहे ती, प्रसाद नाही," मी म्हणायची.

"तू वाटलीस ना? मग जळू दे."

"जळशील एक दिवस."

"कधीचा जळतोय. तुला धूर दिसत नाय त्याला मी काय करू?"

मी मुसळ जोरात आपटायची. हसू लपवायला दुसरं काही हाताशी नसायचं.

मग मार्गशीर्षात एक घाणा भयंकर बिघडला. वडी लावताच जिभेचं साल निघालं. तीन दिवस मी नुसती पेज प्याले. "चला, तुमच्या कानांना सुट्टी," असं हाताने खुणावून मी सगळ्यांना हसवलं. हरिचंद्र तेवढा हसला नाही. कढईकडे बघत उभा राहिला, ती जणू त्याची वैरीण.

आणि पुढच्याच आठवड्यात पद्मजा आली.

अंबरनाथच्या कारखान्यातले विष्णुपंत साहेब शेठच्या ओळखीचे, त्यांची ही लेक. कॉलेजात रसायन शिकलेली, पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ. आठवड्यातून दोनदा यायची आणि हरिचंद्रला तेलाची, कॉस्टिकची मापं समजावून सांगायची. बोलणं कसं, तर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. ती गेल्यावरही बराकीत चंदनाचा वास राहायचा. मी नागरमोथा दुप्पट कुटायची, तरी तो मरायचा नाही.

ती आल्यापासून एकही वडी चावली नाही. महिना झाला, एकही नाही. शेठ खूश. मी मात्र धुमसत होते. मी सांगून सांगून थकले तेव्हा याचं माप चुकत होतं, आणि हिने गोड आवाजात सांगितलं की लगेच बरोबर?

त्यात एक दिवस मी भाकरीचं फडकं सोडलं, चटणी पुढे केली, तर त्याने मान हलवली.

"नको."

"का? बरं नाही?"

"नको," एवढंच. आणि फळीवरून कल्हई केलेला पितळी डबा काढला. आत दहीभात. पांढराफटक, मिरचीचा एक ठिपका नसलेला दहीभात. डबा कुणाचा ते विचारायची गरज नव्हती, झाकणावर चंदनाच्या बोटांचे ठसे असावेत असा मला वास आला.

त्या दिवसापासून त्याचं बोलणंच आटलं. मी मुद्दाम केस धुऊन मोकळे सोडून आले, रेशीम झक मारेल असे. त्याने पाहिलं, ओठ मिटून हसला, आणि कढईकडे वळला. ओठ मिटून! पद्मजाशी मात्र कोपऱ्यात त्याची कुजबुज चालायची. मी तीन उखळं आंबेहळद कुटली त्या दिवशी, लागत होती एकच.

घरी बाबांनी दिवा गावचं स्थळ आणलं होतं. मुलगा बरा, घरची भातशेती. मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "तुळशे, आज संध्याकाळी मला होय की नाय ते हवंय. माणसं ताटकळलीत."

त्या दिवशी मी ठरवून निघाले, की हरिचंद्रला विचारायचं. सरळ.

बराकीत पोचले तर पिंपांच्या आड ती दोघं. तो उजेडाकडे तोंड वर करून उभा, डोळे मिटलेले. तिचा हात त्याच्या हनुवटीखाली. ती इतकी जवळ वाकली होती की…

मी पायातली वहाण मुद्दाम वाजवली. पद्मजा मागे सरकली आणि म्हणाली, "तुळशी, बरं झालं आलात. मी तुमच्यासाठी एक वस्तू आणलीय, शेठकडे ठेवलीय. आलेच." मला काय वस्तू आणणार ही? लग्नाचं आमंत्रण?

ती गेली. मी उखळाशी बसले, आंबेहळदीवर पाणी ओतलं आणि त्याच्याकडे न बघता म्हटलं, "मला दिव्याचं स्थळ आलंय. आज बाबांना सांगायचंय. होय म्हणू?"

दांडा थांबला. त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"हं," तो म्हणाला.

मी मुसळ खाली ठेवलं. गेलं वर्षभर माझ्या चटणीवर पोसलेला माणूस, आणि मला उत्तर दिलं 'हं'.

"ठीक," मी म्हणाले. "आजचा घाणा चाखते आणि जाते. फुकटचं कुणाचं खाल्लं नाही, काम अर्धं टाकलं नाही."

फळीवर पहिली वडी होती. मी ती उचलून तोंडाशी नेली, तर त्याने झडप घालून हिसकावली.

"का? हीसुद्धा तिच्यासाठी राखून ठेवलीय?"

"तुळशे… ती नको." शब्द जाड येत होते, लाळेत भिजलेले. "ती… मी अजून चाटली नाय."

मला क्षणभर कळेना. मग सगळं एकदम कळायला लागलं, आणि मी उभी राहिले.

"जीभ काढ."

त्याने मान हलवली.

"हरिचंद्र, जीभ काढ म्हणते ना."

धिप्पाड, काळासावळा, दोन पोती एका खांद्यावर उचलणारा तो माणूस माझ्यापुढे शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला, आणि त्याने जीभ काढली. टोक लालभडक सोललेलं, मागे पांढरे चट्टे. जुन्यावर नवे.

"रोज माझ्याआधी येऊन चाखायचास?"

होय, मानेने.

"चावली की परत कढईत? मला फक्त न चावणारी?"

होय.

"मार्गशीर्षापासून?"

त्याने पापण्या खाली केल्या.

पद्मजा परत आली होती, मागोमाग शेठही. तिच्या हातात कागदाच्या पट्ट्यांची पुडी आणि त्याच्या जिभेला लावायला मधाची बाटली. "यांनीच मागे लागून आणायला लावल्या या पट्ट्या," ती म्हणाली. "भिजवून वडीला टेकवायची, रंग पालटला तर कॉस्टिक जास्त. आता कुणालाच जीभ लावायला नको. तुम्हाला सांगा म्हणून कितीदा म्हटलं, तर म्हणे, तिला कळलं तर ती हट्टाने माझ्याही आधी येऊन चाखेल."

चाखलीच असती. तेवढं मला ओळखलं होतं त्याने.

"म्हणजे माझं काम गेलं," मी म्हणाले.

"काम नाही हो. चटके गेले."

बाई चांगली होती. माझा राग तरीही उतरला नव्हता, कारण त्याच्या तोंडात काय चाललंय हे माझ्याआधी तिला ठाऊक झालं होतं. त्याबद्दल मी त्याला आजही माफी दिलेली नाही.

"आणि मघाचं 'हं' कसलं?" मी त्याला विचारलं. "दिव्याला जाऊ का नको?"

त्याने बोलायचा प्रयत्न केला. जीभ वळेना. इकडे तिकडे पाहिलं, मग वाकून माझ्या उखळातली ओली आंबेहळद दोन बोटांवर घेतली आणि पद्मजेदेखत, शेठदेखत, माझ्या दोन्ही गालांना लावली. हळू… कढईत दांडा फिरवणारे तेच हात.

हळद लागलेल्या मुलीला आमच्यात दुसरं स्थळ पाहत नाहीत. मी तोंड न पुसता तशीच चिखलोलीला चालत गेले. बाबांनी माझ्या गालांकडे पाहिलं आणि दिव्याला नकार कळवायला वहाणा चढवल्या.

निघण्याआधी मात्र मी फळीवरचा पितळी डबा उचलून पद्मजेच्या हातात दिला. रिकामा, घासून.

"ताई, उपकार झाले," मी म्हणाले. "उद्यापासून दहीभात मी आणीन."