डोळे तेवढे राहिले

आमचं चित्रमंडळ एका दंतवैद्याने काढलं. त्याला झाडं कधी जमली नाहीत, दात मात्र सुरेख काढायचा. मंडळाच्या जुन्या चित्रांत सगळे हसतायत ते त्यामुळे. दर रविवारी दुपारी मर्सेडीस गावच्या नदीकाठच्या बोटघरात आम्ही गोल बसतो आणि प्रत्येक जण आपल्या उजवीकडच्याचं चित्र काढतो. मधून माते फिरतं. कडू पाल्याचा गरम काढा, प्यायला सगळ्यांना मिळून एकच पोकळ भोपळा, एकच नळी. पुरे झालं की 'आभार' म्हणायचं. नाही म्हटलं तर भोपळा भरून पुन्हा येतो.

माझ्या डावीकडे ओफेलिया बसायची. ती डोळे नेहमी शेवटी काढायची. माझं चित्र जेमतेम सुरू केलं आणि मार्चमध्ये वारली. सत्तरी उलटली तरी मला कुणी पुरतं काढलेलं नव्हतं. फार जीव गुंतला होता माझा त्या चित्रात.

गेलेल्याची खुर्ची वर्षभर जागेवर ठेवायची, असा आमचा रिवाज. तिची चित्र टेकवायची घोडीही तशीच राहिली, वर माझं अर्धवट चित्र. तिचा नवरा रामिरो माते भरायचा. सवयीने त्याने तिच्या खुर्चीवर भोपळा ठेवला. उचलला तेव्हा रिकामा होता.

"नेलिदा, तू प्यायलीस?"

"माझी पाळी यायचीय अजून," मी म्हटलं.

"ओफेलियाने 'आभार' म्हटलंय कुठे?" असं पुटपुटत त्याने भोपळा पुन्हा भरला.

पुढच्या रविवारी चित्रात माझी कॉलर आली होती. मग कान. रंग ओला असायचा. बाकीचे वाकून बघायचे आणि आपापल्या चित्राकडे वळायचे. भीती वाटायला हवी होती, पण मला सुखच वाटत होतं. मी केस नीट विंचरून जाऊ लागले.

वर्ष भरलं त्या रविवारी भोपळा खुर्चीवर भरलेलाच राहिला. गार झाला.

"पुरे झालं तिला," रामिरो म्हणाला.

मी चित्राकडे वळले. डोळे आले होते. माझेच, हसरे.

मग चित्रात माझ्या खांद्यामागे खुर्चीची पाठ दिसली. निळ्या दोरीने बांधलेली.

माझी खुर्ची वेताची. दोरी ओफेलियाच्या खुर्चीला आहे.

रामिरो ती खुर्ची उचलायला वाकला.

"राहू दे रे," मी म्हटलं. "अजून वर्षभर ठेवावी लागेल."

आणि तिच्यात बसून पाहिलं. बैठक ऊबदार होती.