लाल गाडीचं काळं ग्रीस

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून वासंती रिकाम्या हातानं बाहेर पडली आणि पावसाची मोठी सर आली. गणपती जाऊनही पाऊस हलायला तयार नव्हता. ती पत्र्याखाली थांबली. शेजारी स्कूटर लावून एक उंचसा तरुण उभा होता. तो तिच्या हातांकडे बघत होता... कोपरापर्यंत काळे हात.

"डांबराचं काम चाललंय?"

"ग्रीस आहे."

"रॉकेलनं जाईल."

"जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतं," म्हणून तिनं तोंड फिरवलं. पण सर थांबेना. शेवटी तिनंच सांगितलं. भावाची दोन माणसांची परदेशी स्पोर्ट्स कार. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा सांधा, त्यावरचं रबरी टोपण – मेकॅनिक त्याला बूट म्हणतात – ते फाटलंय. चाक फिरलं की आतलं ग्रीस बाहेर उडतं आणि चिखल आत जातो. "मारुतीचा बूट बसेल म्हणतात. इथं तोही नाही."

"मी उद्या कोल्हापूरला चाललोय. आणू?"

"ओळख ना पाळख, तुम्ही कशाला आणाल?"

"तेवढीच ओळख होईल," तो म्हणाला. त्याचं नाव हरिहर. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात नोकरीला. "गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही, आधीच सांगतो. मी माडांचा माणूस."

कितीतरी दिवसांनी वासंतीला हसू आलं. आलं, आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं.

कारण घरी पडवीतल्या खाटेवर श्रीपती होता. बोटीवरचा इंजिनिअर, तिशी नुकती ओलांडलेला. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. मुंबईच्या डॉक्टरांनी 'घरी न्या' एवढंच म्हटलं होतं. पाय सुजून खांबासारखे झालेले, तोंडाला कसली चव नाही. त्याचं एकच मागणं होतं – आपल्या गाडीतून एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर जायचं. रिक्षातून नेते म्हटलं तर त्यानं भिंतीकडे तोंड केलं होतं. म्हणून तो खाटेवरून सांगायचा आणि वासंती अंगणातल्या मांडवात गाडीखाली शिरायची. त्यांचे वडील आत्मारामपंत दारात उभे राहून बघायचे.

हरिहर बूट घेऊन आला. आणि मग येतच राहिला.

सांधा उघडून त्यांनी रॉकेलच्या परातीत धुतला. आतल्या पोलादी गोळ्या हरिहरच्या बोटांतून निसटायच्या.

"तुम्ही नारळ तरी नीट धरता का?" वासंतीनं विचारलं.

"नारळ पळत नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. "गालाला लागलंय तुमच्या... ग्रीस."

"मग पुसा."

"माझे हात तुमच्यापेक्षा काळे आहेत."

ती खाली बघून गोळ्या पुसू लागली. कान मात्र तापले होते.

नवा बूट बसला, तो धरून ठेवणारी पट्टी आवळली. वासंतीनं गल्लीतून चक्कर मारली आणि चाकाच्या आतल्या बाजूला पुन्हा काळे फराटे. पट्टी आणखी आवळली, तरी तेच. त्या संध्याकाळी श्रीपतीला धाप लागली. तो तुटक तुटक म्हणाला, "वासू... राहू दे आता. माझ्याच्यानं वाट बघवत नाही."

ती मांडवात जाऊन चाकाला टेकून रडली. हरिहरनं विजेरी जवळ ठेवून बूट पुन्हा सोडवला. डोळे पुसता पुसता वासंतीनं दांडा चाचपला. बूट बसतो तिथली खाच बुळबुळीत होती.

"ग्रीसवरच पट्टी आवळतोय आपण," ती म्हणाली. "घसरणारच. ही खाच कोरडी हवी."

पेट्रोलच्या फडक्यानं खाच घासून, कोरडी करून त्यांनी बूट बसवला. या खेपेला चक्कर मारूनही चाक स्वच्छ राहिलं.

दुसऱ्या दिवशी आत्मारामपंतांनी आणि हरिहरनं श्रीपतीला उचलून गाडीत बसवलं. तो इतका हलका झाला होता की वडिलांनी मान वळवली. जागा दोघांचीच. वासंतीनं गाडी चालवली, हरिहर मागून स्कूटरवर. बिघडलेला सांधा वळणावर कटकटतो, म्हणून श्रीपती कान देऊन ऐकत होता. सांध्याचा आवाज नव्हता.

किनाऱ्यावर सुरूंच्या झाडांशी तिनं गाडी उभी केली. समुद्र गढूळ होता. श्रीपती बराच वेळ बघत राहिला.

"खाली उतर," तो म्हणाला. "मला थोडं एकट्याला बसू दे."

ती उतरून हरिहरपाशी उभी राहिली. दोघांचीही पाठ गाडीकडे.

"ही वेळ नाही," हरिहर हळू म्हणाला. "पण मी गाडीसाठी येत नव्हतो, वासंती..."

"ठाऊक आहे." तिनं वाऱ्यानं उडणारे केस मागे सारले. "तो आहे तोवर मला दुसरं काही सुचायचं नाही. थांबाल?"

"थांबेन."

दसऱ्याच्या आधीच श्रीपती गेला. तिरडीला हरिहरनं खांदा दिला. नंतर गाडी सांगलीचा कोणी घेऊन गेला आणि मांडव रिकामा झाला. हरिहर अधूनमधून येऊन आत्मारामपंतांजवळ बसायचा. वासंतीकडे मात्र त्यानं तो विषय एकदाही काढला नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी वासंती स्वतःच भाट्याच्या केंद्रात गेली. हरिहर नारळाच्या रोपांच्या वाफ्यात वाकला होता. तिला बघून तो उभा राहिला, हात मातीनं भरलेले.

"मला अजून धड हसता येत नाही," ती म्हणाली. "मधेच रडू येतं. चालेल तुम्हाला?"

"चालेल."

ती वाफ्याच्या कडेशी आली.

"मग आज रात्री जेवायला या. बाबांना मी सांगून आलेय... कोण येणार आहे आणि कशासाठी."

हरिहरनं मातीचे हात तसेच पुढे केले. तिनं ते धरले.