पातळ चहा

"आजींच्या लेकीनं कमाल केली हो!" डॉक्टर म्हणाले, आणि पलंगाभोवती जमलेले सगळेच कौतुकानं हसले... सलाइन बदलणाऱ्या नर्सच्या, म्हणजे आजींच्या सुनेच्या काळजात मात्र चर्र झालं!

अर्धांगवायूनं सासूबाईंचं गिळणंच गेलं होतं. रोज सकाळी डॉक्टर, व्यायामवाल्या बाई, आहारतज्ज्ञ पलंगाशी उभे राहून विचार करत, पण बोलणं सगळं नणंदेचं! गिळायला शिकवणारी थेरपिस्ट ना ती! आणि तिला शिकवलं कुणी? स्वतःचं शिक्षण गुंडाळून, जादा पाळ्या अंगावर घेऊन, या वहिनीनंच ना? सासूबाईंची कूस कोण बदलतं, ओलं कोण पुसतं, हे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. मत्सरानं तिचा जीव नुसता जळत होता.

नाकातली नळी कालच निघाली होती. "पातळ काही द्यायचं नाही, पूड घालून दाट करूनच," नणंदेनं बजावलं होतं. फुप्फुसात गेलं तर जिवावरच बेतणार!

दुपारी सासूबाईंनी सुनेचा हात धरला. "चहा... तुझ्या हातचा..."

तुझ्या हातचा! लेकीच्या नव्हे! ती हुरळून गेली. पुडीचा डबा तिनं उचलला, आणि तसाच ठेवून दिला. मोठी आली मला शिकवणारी!

दुसऱ्याच चमच्याला ठसका लागला. ओठ निळे पडले!

"अगं, धाव गं!" ती किंचाळली. नणंद धावली, व्यायामवाल्या बाईंनी आजींना कुशीवर घेतलं, वहिनीनं नळीनं घसा साफ केला, डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला... आणि श्वास परतला.

"काय दिलं होतं?" नणंदेनं विचारलं.

"पातळ चहा... मुद्दाम. तू नको म्हणालीस ना, म्हणून!" वहिनीला हुंदका आवरेना.

"तिला... बोलू नकोस," सासूबाई पुटपुटल्या. "मीच... मागितला."

नणंद आईच्या पायाशी बसली. "तिलाच मागितलास ना, आई? मला कधी काही मागितलंस?" मग वहिनीकडे वळून म्हणाली, "तू घरात आल्यापासून बघतेय, हिची प्रत्येक हाक तुला! सकाळी सगळ्यांपुढे मी एवढी बोलते ना, ती हिनं एकदा तरी माझ्याकडे बघावं म्हणून... फार जळते गं मी तुझ्यावर!"

वहिनीनं तिला जवळ घेतलं. वेडी पोर! आपण हिचा हेवा करत होतो?

दुसऱ्या सकाळी वहिनीनं आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली. डॉक्टर बरंच बोलले. तिनं खाली मानेनं ऐकून घेतलं. मग नणंद म्हणाली, "भरवताना वहिनी हवी. आईला तिच्याच हातचं हवं असतं."

वहिनीनं दाट पेजेची वाटी तिच्या हातात दिली. "तू भरव. मी मान धरते."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.