अंबाडीला दहा थेंब

आजोबांच्या वहीतलं अक्षर न् अक्षर मी पाळत होते, तरी त्यांची अंबाडी मरत चालली होती. हे कोडं काही केल्या सुटेना, आणि हातात तीनच दिवस होते.

आजोबा बार्शीला गच्चीवर मातीवाचून, नुसत्या खताच्या पाण्यात भाज्या पिकवायचे. मी आणि बाबा चंद्रावरच्या वस्तीत राहतो. मागच्या मालयानातून आजोबांनी अंबाडीचं बी आणि ती वही पाठवली. चार रोपं उगवली, चांगली वीतभर झाली, आणि आजोबा गेल्याचा निरोप आला. पृथ्वीकडे जाणारं यान दोन महिन्यांनी होतं. आम्हाला जाता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं. मग मी ठरवलं, तेराव्याला त्यांच्या ताटात त्यांच्याच बियांची अंबाडी वाढायची, घासभर का होईना.

दहाव्या दिवशी पाणी विभागातल्या शास्त्रज्ञ मुजावर मावशी आल्या. त्यांनी टाकीतल्या पाण्याचा सामू (पाणी आम्ल आहे की अल्क ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल) मोजला. रोपांना तो सहाच्या आसपास हवा असतो. आकडा आला नऊ.

"काल किती होता, शर्वरी?"

"साडेतीन. म्हणून मी अल्क घातलं. त्याच्या आधी सात झाला होता, तेव्हा वहीतल्याप्रमाणे दहा थेंब आम्ल घातलं होतं."

"म्हणजे आगीतून फुफाट्यात टाकलंस की बिचाऱ्यांना."

आम्ही रोपं उचलून पाहिली. तीन रोपांची मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. मला रडू फुटलं. मावशींनी मला पोटभर रडू दिलं आणि मग दोन पेल्यांत वस्तीतलं पाणी घेतलं. एकात त्यांनी चिमूटभर खायचा सोडा विरघळवला. नंतर दोन्हींत आम्लाचा एकेक थेंब टाकला. साध्या पाण्याचा सामू धाडकन चारावर आला. सोड्याच्या पाण्याचा जेमतेम हलला.

"बार्शीच्या विहिरीचं पाणी जड," मावशी म्हणाल्या. "त्यात खडकांतले क्षार असतात. आम्ल टाकलं की आधी ते क्षारच त्याला गिळतात. अशा द्रव्याला बफर (सामूला सावरून धरणारं द्रव्य) म्हणतात. आपण वापरलेल्या पाण्याची वाफ करून ते पुन्हा गोळा करतो. त्यात सावरणारं काहीच उरत नाही. तिथले दहा थेंब इथे फार झाले."

"पण मुळात सामू सातावर गेलाच कसा?"

"मुळं पाण्यातलं नायट्रेट (नत्र देणारं खत) शोषतात, तेव्हा बदल्यात अल्क कण बाहेर सोडतात. सामू हळूहळू चढतोच. त्याला उतरवायचंही हळूच."

"मग आजोबा चुकले?" मी वहीकडे पाहत विचारलं.

"नाही गं. त्यांच्या लेखी पाणी म्हणजे विहिरीचंच पाणी. ते वेगळं लिहावं लागतं हे कुणाला सुचेल? आणि वही वाचताना आपलं पाणी तपासावं, हे तुलाही सुचलं नाही."

आम्ही टाकी रिकामी केली. नव्या खताच्या पाण्यात बफर म्हणून थोडं पोटॅशियम बायकार्बोनेट घातलं. मग एक थेंब आम्ल, ढवळणं, तासभर थांबणं आणि मोजणं. सामू सहावर यायला अख्खा दिवस गेला. तीन रोपं गेलीच. चौथ्याला मात्र तेराव्याच्या सकाळी एक पांढरं, नवं मूळ दिसलं.

त्याच्यावर चारच हिरवी पानं होती. मी कात्री घेऊन उभी राहिले. पण रोप आपलं अन्न पानांतच तयार करतं, ती खुडली असती तर तेही गेलं असतं. मी कात्री ठेवून दिली.

बाबांनी आजोबांच्या फोटोपुढे ताट वाढायला घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "अंबाडी?"

"आज नाही, बाबा. वर्षश्राद्धाला वाढू. तोवर तिला बीसुद्धा येईल."

बाबांनी वरण-भात वाढला, भाकरी ठेवली, आणि अंबाडीपुरती जागा मोकळी सोडली.