दवाखान्याचा फ्रिज

"माझी सून तोंडाळ आहे, हट्टी आहे, तिच्या हाताला चव म्हणून नाही. पण ती बेजबाबदार नाही! हे लिहून घ्या आधी."

खुर्चीवर बसायच्या आतच म्हातारीनं एवढं ऐकवलं. आत्याची कचेरी शिंप्याच्या दुकानावर होती. खालच्या मशीनचा खडखडाटही या आवाजापुढे फिका पडला.

आत्या म्हणजे खासगी तपास करणारी बाई. सगळं शहर तिला आत्याच म्हणे. खरी आत्या ती एकाचीच होती, समोरच्या टेबलावर पेंगणाऱ्या भाच्याची. भाचा मिशीवाला, अंगानं भरलेला आणि डोक्यानं निवांत.

"सुनेवर आळ काय आहे?" आत्यानं विचारलं.

"ती आमच्या गावच्या दवाखान्यात सिस्टर आहे. काल संध्याकाळी फ्रिज नीट बघून घरी आली. आज सकाळी शहरातले आरोग्य अधिकारी अचानक तपासणीला टपकले. बघतात तर फ्रिजचा प्लग काढलेला आणि त्या जागी मोबाईलचा चार्जर. आतली लहान पोरांची लस सगळी खराब! आज दुपारी चौकशी आहे. चौकशी कसली, निकाल आधीच ठरलाय. सुनेची नोकरी जाणार आणि त्याच निमित्तानं दवाखान्याला कुलूप लागणार. आज टोचण्याचा दिवस होता हो, बाया पोरं घेऊन ओसरीवर ताटकळत बसल्यात."

"दवाखाना बंद झाला तर त्यांनी जायचं कुठे?" भाच्यानं विचारलं.

"शहरात म्हणे! आणि जायचं कसं? बस तर तुमच्या लोकांनी मागच्या वर्षीच बंद केली. मी दुधाच्या गाडीत, कॅनवर बसून आलेय."

आत्या उठली आणि पर्स उचलून चालू लागली.

गावात शिरताना पहिला दिसला तो भलामोठा फलक. 'ग्राम पुनरुज्जीवन योजना'. त्यावर कारंजं, कारंज्याभोवती हसणारं कुटुंब. फलकाखालचा नळ कोरडा. असल्या फलकांच्या रंगाला पैसे असतात, नळाच्या वॉशरला नसतात. मग चीड येणार नाही तर काय होणार?

दवाखान्याच्या ओसरीवर बाया बसल्या होत्या. पोरं रडत होती. गावसभेचे अध्यक्ष किल्ली बोटाभोवती फिरवत उभे होते.

"साहेबांचा हुकूम आहे, चौकशीपर्यंत कशाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "तुम्ही नुसतं बघा. तसंही आता इथे बाहेरून येणाऱ्यांसाठी स्वागतकक्ष होणार. मोठी काच, आत सोफे. गाव पुन्हा जिवंत होईल."

"आधी माणसं जिवंत ठेवा," आत्या म्हणाली. "गावाचं नंतर बघू. कुलूप काढा."

आत औषधांचा वास. पेटीसारखा, वरून उघडणारा बुटका फ्रिज. प्लग जमिनीवर लोळत होता, बोर्डावर काळा चार्जर. आत्या चार्जर न्याहाळत होती, तेवढ्यात मागे झाकण उघडल्याचा आवाज झाला.

"सगळ्या कुप्यांवरचे चौकोन काळे ठिक्कर पडलेत, आत्या," फ्रिजमध्ये वाकलेला भाचा म्हणाला. "टोपणं मात्र पांढरीशुभ्र, एकावरही डाग नाही." मग त्यानं तळातली पाण्याची बाटली काढली आणि घटाघटा प्यायला. "आई गं! दात शिवशिवले."

"गाढवा! पुरावा पितोस?" आत्या ओरडली. तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली, गालाला लावली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

सिस्टर बाहेर दारापाशी उभी होती. डोळे रडून लाल, पण मान ताठ.

"कुपीवरचा तो चौकोन कसला?" आत्यानं विचारलं.

"उष्णता लागली की तो काळा पडत जातो. बाहेर उकाड्यात राहिली लस, तर काही दिवसांत पूर्ण काळा होतो. मग ती टोचून उपयोग नाही. सकाळी साहेबांनी मला आत येऊच दिलं नाही. दारातून एक कुपी दाखवली आणि म्हणाले, बघ तुझे प्रताप."

भाचा एव्हाना टेबलाच्या खणात डोकावत होता. "लाल नेलपॉलिश! सिस्टर, नखं तर तुमची कोरी आहेत."

"ते कुप्यांसाठी आहे," सिस्टर वैतागून म्हणाली. "जुनी लस आधी वापरायची असते. तिच्या टोपणावर ठिपका देते, म्हणजे घाईत हाताला तीच लागते. काल संध्याकाळीच दिलेत."

"तिकडे नोकरी चाललीय आणि याला नखं सुचतायत," सासूबाई पुटपुटल्या.

कंपाउंडर मागच्या अंगणात कात्र्या-चिमटे उकळायचं भांडं घासत होता. आत्यानं त्याच्यासमोर चार्जर धरला. त्याचा चेहरा उतरला.

"माझाच आहे," तो म्हणाला. "काल सिस्टर गेल्यावर मीच प्लग काढून मोबाईल लावला. निघताना प्लग लावायचा राहिला."

"घ्या!" भाचा म्हणाला. "केस संपली."

"मग सकाळी का बोलला नाहीस?" आत्याचा आवाज चढला. "ती बाई तुझ्यासमोर रडत होती ना?"

"साहेब म्हणाले, हे सिस्टरचंच काम. मी कशाला मध्ये पडू? दवाखाना बंद झाला तर माझी बदली शहरात होईल. पोरीची शाळा..."

"तुझ्या पोरीची शाळा, आणि बाकीच्यांच्या पोरांचं काय? सकाळी कुलूप कोणी काढलं?"

"मीच. साहेबांनी मला लगेच चहा आणायला पिटाळलं. परत आलो तर साहेब फ्रिजपाशी उभे, लाल झालेले."

साहेब अध्यक्षांच्या घरी जेवत होते. त्यांचा ड्रायव्हर मात्र झाडाखाली जीपच्या टपाला टेकून कंबर चोळत होता. पांढऱ्या केसांचा, गप्पिष्ट माणूस.

"कसली कंबर धरलीय, मामा?" आत्यानं विचारलं.

"ती बर्फाची पेटी, बाई. लसीचे नमुने न्यायला म्हणून आणली. सकाळी आत न्यायची म्हणून उचलली आणि चमक भरली. वर्षानुवर्षं उचलतोय, पण आज..."

"नेले का मग नमुने?"

"कुठले! साहेब म्हणाले, सगळं इथेच राहू दे, पुरावा आहे. पेटी परत जीपमध्ये. आणि जीप उन्हात लावू नको म्हणून दोनदा ओरडले. माणूस उन्हात मेला तरी चालेल."

"तुमच्या शहरच्या लसीच्या मोठ्या भांडारात बरं असेल. तिथे जनरेटर आहे म्हणे."

ड्रायव्हर हसला. "आहे की! फीत कापली, हार घातला, फोटो काढले. चालू मात्र अजून झाला नाही. मागल्या आठवड्यात तिकडे बरेच दिवस लाइट नव्हती, तेव्हाही नुसता शोभेला उभा होता."

आत्या हसली नाही.

चौकशी ओसरीवरच भरली. साहेब मधल्या खुर्चीत, शेजारी अध्यक्ष. बाया पोरांना घेऊन मागे सरकल्या. साहेबांनी घसा साफ केला.

"कंपाउंडरनं कबुली दिली असं कळलं. हरकत नाही. फ्रिजची जबाबदारी सिस्टरचीच. दोघांवर कारवाई होईल, आणि असल्या ठिकाणी दवाखाना चालवणं धोक्याचं आहे, हेही सिद्ध झालं."

"थांबा," आत्या म्हणाली. तिनं पर्समधून बाटली काढली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. "कशी लागतेय?"

"गार आहे."

"ही तुमच्या बंद पडलेल्या फ्रिजच्या तळातून निघाली. तास-दोन तास पर्समध्ये होती, तरी गार. माझ्या भाच्याचे तर दात शिवशिवले. रात्रभर प्लग निघालेला, आणि पाणी बर्फासारखं! सिस्टर, कसं काय?"

सिस्टरनं बाटली हातात घेऊन पाहिली. "लाइट सारखी जाते म्हणूनच हा फ्रिज दिलाय. आतल्या भिंतींत बर्फ असतो. झाकण न उघडता एक रात्र... अगं बाई! मला सुचलंच नाही."

"कसं सुचेल? तुला आत जाऊ दिलं कुठे? तर फ्रिज रात्रभर थंडच होता. मग त्याच फ्रिजमधली लस उकाड्यानं काळी कशी पडली? आणि एका रात्रीत? त्या चौकोनाला काळं व्हायला काही दिवस लागतात. म्हणजे या कुप्या आधीच कुठेतरी उकाड्यात पडून होत्या. इथे त्या आज सकाळी आल्या."

ओसरीवर कुजबुज उठली.

"हा मूर्खपणा आहे," साहेब म्हणाले.

"आणखी आहे. जुन्या कुप्यांच्या टोपणावर सिस्टर लाल ठिपका देते. काल संध्याकाळीच दिले. आज फ्रिजमधल्या एकाही टोपणावर ठिपका नाही. तिच्या कुप्या गेल्या कुठे? सकाळी इथे एकटं कोण होतं? कंपाउंडर चहाला गेला होता. आणि साहेबांबरोबर नमुन्यांसाठी आणलेली रिकामी पेटी होती म्हणे. ती आत नेतानाच मामांची कंबर गेली. रिकाम्या पेटीनं कंबर जाते होय? आणि जिच्यात काहीच ठेवलं नाही, तिला सावली हवी कशाला?"

भाच्यानं कपाळावर हात मारला. "अदलाबदल!"

"आत्ता पेटला दिवा. शहरच्या भांडारात लाइट गेली. जनरेटर फीत कापण्यापुरताच होता. भांडार साहेबांच्या ताब्यात. लस खराब झाली, तर जाब त्यांनाच. मग काय, आपलं पाप गावाच्या फ्रिजमध्ये ओतायचं आणि गावची चांगली लस शहरात न्यायची! फ्रिज बिघडला म्हणा, नाहीतर सिस्टर बेफिकीर म्हणा. कंपाउंडरनं प्लग काढून ठेवून यांना आयतंच कारण दिलं. अध्यक्षांना जागा हवी होती, ते कशाला काही विचारतील? याचं नाव पुनरुज्जीवन!"

"मला यातलं काही ठाऊक नव्हतं," अध्यक्ष घाईनं म्हणाले.

"ठाऊक करून घ्यायचं नव्हतं तुम्हाला. मामा, पेटी आणा."

"पेटीला हात लावायचा नाही!" साहेब उभे राहिले. "ती सरकारी आहे!"

ड्रायव्हरनं एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. मग कंबरेवर हात ठेवत गेला आणि पेटी घेऊन आला. झाकण उघडलं. बर्फात कुप्या ओळीनं मांडलेल्या, चौकोन पांढरे स्वच्छ, आणि निम्म्या टोपणांवर लाल ठिपके.

सासूबाई पुढे झाल्या. साहेबांच्या नाकासमोर बोट नाचवत म्हणाल्या, "मेल्या, चोर तो चोर वर शिरजोर! माझ्या सुनेला तीन तास उभं केलंस!"

साहेब खाली बसले. रुमालानं मान पुसत म्हणाले, "बदनामी झाली असती हो. वरून दबाव असतो. इथे... इथे कोणाचं फार बिघडणार नव्हतं."

अध्यक्षांची मान खाली गेली. बायांनी रागानं पोरं छातीशी ओढली.

"एकच प्रश्न राहिला," आत्या हळू आवाजात म्हणाली. "लाइट गेली मागच्या आठवड्यात. कुप्या तुम्ही हलवल्या आज. मधल्या दिवसांत शहरातल्या पोरांना काय टोचत होतात?"

साहेब रुमालाची घडी घालू लागले.

पेटीचं झाकण ड्रायव्हरच्या हातातून निसटून फरशीवर आपटलं.

"साहेब," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येईना. "परवा माझ्या नातीला मीच घेऊन आलो होतो. तुम्ही तिच्या गालाला हात लावलात. म्हणालात, आता काळजी नको, मामा." तो पुढे आला. "बोला ना. काय टोचलंत तिला?"

साहेबांनी मान वर केली नाही.

आत्यानं भाच्याला पोलिसांना आणि जिल्ह्याच्या कचेरीत फोन लावायला सांगितलं. शहरातलं प्रत्येक पोर पुन्हा शोधून काढावं लागणार होतं.

सिस्टरनं पेटी उचलली. ना कोणी माफी मागण्याची वाट पाहिली, ना चौकशीच्या निकालाची. हात धुतले, ओसरीवर टेबल ओढलं आणि पहिल्या बाईला जवळ बोलावलं. कंपाउंडर खाली मान घालून कापूस घेऊन आला. तिनं तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

मग ती ड्रायव्हरकडे वळली. तो अजून तिथेच उभा होता, जीपची किल्ली मुठीत घट्ट धरून.

"मामा, तिथे उभे राहून काय करताय? जीप काढा," ती म्हणाली. "नातीला इथे घेऊन या. मी टोचते तिला. तुम्ही येईपर्यंत दवाखाना उघडा आहे."