लाल तेल गेलं कुठं?

"आता थांबूया," मनाली म्हणाली आणि कुणाचं उत्तर यायच्या आत मागच्या बंपरला पाठ टेकून रस्त्यावरच बसली.

मे महिन्यातली दुपार होती. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या त्या गल्लीत कुत्रीसुद्धा सावली सोडून हलत नव्हती. मनालीचा मोठा भाऊ संघर्ष आणि शेजारचा राजवीर अजून गाडीला खांदा लावून उभे होते, पण गाडी जागची सरकत नव्हती. ती काही साधी गाडी नव्हती. १९५२ सालची, बोटीसारखी लांबरुंद, जाड पत्र्याची अमेरिकन मोटार! गुंडू मिस्त्रीच्या गॅरेजातून निघाली तेव्हा ती कशीबशी चालत होती. कोपऱ्यावर आल्यावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, मागून धुराचा लोट आला आणि चाकं थांबली ती थांबलीच.

आत स्टिअरिंग धरून आक्काताई बसल्या होत्या. संघर्ष-मनालीच्या बाबांच्या त्या आत्या, पण बाबा सोडले तर घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आक्काच म्हणत. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय अधू झाला होता. तरीही त्या गाडी चालवायच्या, कारण या गाडीला क्लचच नव्हता. गिअर आपोआप बदलायचे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्हींना उजवा पाय पुरायचा. ज्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आक्कांनी नर्स म्हणून उभी हयात काढली, ते मुलाकडं पुण्याला राहायला जाताना ही गाडी त्यांना देऊन गेले होते.

निवृत्त झाल्यावरही आक्का घरी बसल्या नव्हत्या. मलकापूरच्या पलीकडच्या वाड्यांवरून मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या ऑपरेशनच्या शिबिराला कोल्हापूरला आणायच्या आणि परत सोडायच्या. त्या माणसांना एसटीच्या पायऱ्याही दिसत नसत. पुढचं शिबिर दोन दिवसांवर आलं होतं, म्हणून तर गिअरबॉक्सचं जुनं तेल बदलायला गाडी गॅरेजात दिली होती.

गल्लीतल्या चार माणसांनी हात लावला तेव्हा कुठं गाडी अंगणात आली. थोड्या वेळानं गुंडू मिस्त्री स्कूटरवरून आले. इंजिन चालू करून त्यांनी गिअरची दांडी पुढं-मागं केली, गाडी हलत नाही हे पाहिलं आणि हात पुसले. वाकून खाली पाहिलं नाही, की बॉनेटही उघडलं नाही.

"आक्का, तेल तर मी नवीन घालून दिलतं. पण आतल्या प्लेटाच जळल्यात. असला गिअरबॉक्स आता कुठं गावणार न्हाय. तुम्ही तरी किती वढाताण करणार?"

हायवेवर हॉटेल काढणाऱ्या एका माणसाला दारात मांडून ठेवायला जुनी गाडी हवी आहे, असंही त्यांनी सांगितलं. त्याला सकाळी क्रेन घेऊनच बोलावतो, म्हणाले.

संघर्षचे बाबा, धोंडीराम, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कामाला होते. लागोपाठ दोन पाळ्या करून ते नुकतेच घरी आले होते. डोळ्यांच्या कडांना काळी भुकटी तशीच होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गाडीकडं न बघताच म्हणाले, "आत्या, देऊन टाक. तुझ्यानंही आता होत नाही आणि माझ्यानंही."

आक्का भांडतील असं मुलांना वाटलं होतं. त्या भांडल्या नाहीत. पायरीवर बसून दुखरा पाय दोन्ही हातांनी चोळत त्या एवढंच म्हणाल्या, "ने म्हणावं."

मुलांना त्या धुरापेक्षा, त्या ढकलण्यापेक्षा या दोन शब्दांनी जास्त दमवलं. सुट्टीत आक्कांबरोबर मलकापूरला जायचं, वाड्यांवरून आजोबा-आज्यांना हात धरून गाडीत बसवायचं, असा तिघांचा बेत होता. आता गाडी हॉटेलच्या दारात शोभेला उभी राहणार होती आणि ती माणसं कुठं जाणार होती, कुणास ठाऊक.

घरातले सगळे आडवे झाले. तिघं मात्र गाडीत जाऊन बसले. शेवटी राजवीर म्हणाला, "पण मला एक सांगा. गिअरबॉक्स बिघडला तर धूर का येईल?"

राजवीरच्या घरी शेती होती आणि ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टर बाहेर काढण्याआधी इंजिनातलं तेल बघायचं काम त्याच्याकडं असायचं. तिघांनी मिळून ते जड बॉनेट उचललं. राजवीरनं तेल मापायची पट्टी ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत घातली आणि पुन्हा काढली.

तेल खुणेच्या कितीतरी वर चढलं होतं. आणि त्यात लाल झाक होती.

"इंजिनचं तेल असं नसतं," तो हळूच म्हणाला. "लाल तर अजिबात नसतं. आणि हे जादाचं तेल जळूनच धूर आला."

संघर्षला आठवलं. गॅरेजात गाडी सोडायला तो आक्कांबरोबर गेला होता. गिअरबॉक्ससाठी मागवलेल्या डब्यातलं तेल मिस्त्रींनी बोटावर घेऊन दाखवलं होतं. ते लालभडक होतं.

"मग गिअरबॉक्समध्ये काय घातलं?" मनालीनं विचारलं.

ते बघायचं तर गिअरबॉक्सचीही पट्टी सापडायला हवी. त्यांनी इंजिनाच्या सगळ्या कडा धुंडाळल्या. संघर्ष पाठीवर सरपटत गाडीखाली गेला. गिअरबॉक्सच्या तळाला तेल काढायचा एक बोल्ट होता आणि त्याच्या भोवतीची घाण नुकतीच पुसलेली होती. म्हणजे जुनं तेल काढलं, हे नक्की. पण नवीन घालायला बाजूला कुठंच बोल्ट नव्हता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत माती होती आणि कोपर सोललं होतं.

मनालीला आता उभंही राहवत नव्हतं. ती पुढच्या सीटच्या पायाशी, रबरी चटईवर अंग मुडपून पडली. थोड्या वेळानं ती उठून बसली. "इथं काहीतरी टोचतंय."

चटई वर्षानुवर्षं चिकटून बसली होती. ती खरवडून काढल्यावर खाली पत्र्याचं गोल झाकण दिसलं. ते फिरवल्यावर खाली एका नळीत खोचलेली दुसरी पट्टी होती. राजवीरनं ती पुसून पुन्हा घातली आणि काढली. टोकापर्यंत कोरडी!

"जळलंबिळलं काही नाही," संघर्ष म्हणाला. "गिअरबॉक्स रिकामा आहे. आत राहिलेल्या थोड्याशा तेलावर गाडी कोपऱ्यापर्यंत आली."

तो धावतच बाबांकडं गेला. धोंडीराम गाढ झोपले होते. दोनदा हलवल्यावर त्यांनी डोळे न उघडताच, गुंडूला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, मला झोपू दे, असं सांगून कूस बदलली. आक्कांनी ऐकून घेतलं, त्याच्या कोपराला हळद लावली आणि आता पुरे झालं, असं म्हणाल्या. आशा लावून घ्यायचंही त्यांच्या जिवावर आलं होतं.

"आपलं कुणी ऐकणार नाही," मनाली म्हणाली. "मग मिस्त्रीकाकांनाच बोलतं करायचं."

सकाळी क्रेन आली. हॉटेलवाले पाहुणे गाडीभोवती फिरून बघत होते. गुंडू मिस्त्री त्यांना गाडीची थोरवी सांगत होते. बाबा कामावर जायच्या कपड्यांत दारात उभे होते. आक्का पायरीवर होत्या.

मनाली पुढं झाली. तिनं मोठ्या आदरानं विचारलं, "काका, गाडी आता जाणारच आहे. जायच्या आधी आम्हाला एवढंच शिकवा ना. गिअरबॉक्समध्ये नवीन तेल कुठनं घालतात?"

मिस्त्री खूश झाले. "सोपं हाय की. गिअरबॉक्सच्या बाजूला बोल्ट असतोय. त्यो खोलायचा आणि तिथनं भरायचं."

"तुम्ही तिथनंच भरलं?"

"मग? दुसरं कुठनं भरणार?"

राजवीरनं पोतं अंथरलं. संघर्षनं बॅटरी पुढं केली. "दाखवा की काका."

एवढ्या माणसांसमोर नाही म्हणता येईना. मिस्त्री गाडीखाली शिरले. बॅटरीचा उजेड इकडून तिकडं फिरला. मग पुन्हा फिरला. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते आणि ते पाय बराच वेळ हलले नाहीत. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मिस्त्री बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

संघर्षनं दार उघडलं, चटई बाजूला केली आणि झाकणाखालची कोरडी पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. राजवीरनं इंजिनाची लालसर पट्टी दिली.

आक्का पायरीवरून उठल्या. लंगडत येऊन त्यांनी दोन्ही पट्ट्यांना बोट लावून बघितलं. "गुंडू," त्या म्हणाल्या, "तू बघितलंस का रे तेल घालताना?"

मिस्त्री गाडीच्या बंपरवर बसले. "न्हाय, आक्का. लग्नसराई हाय. दारात जीपांची रांग लागलेली. कामगाराला म्हटलं, तेल बदल. त्यानं खालनं काढलं आणि डबं इंजिनात रिकामं केलं. काल मी आलतो, तवा तरी बॉनेट उघडून बघायला पायजे हुतं. तसाच बोललो. लई दमलोय, आक्का. पण त्येची शिक्षा तुमच्या गाडीला नको."

हॉटेलवाल्या पाहुण्यांनी क्रेन मागं घ्यायला सांगितली. जाताना ते थांबले आणि मनालीला म्हणाले, "आमच्या दारात उभी राहण्यापेक्षा रस्त्यावर शोभंल ही."

दुपारपर्यंत अंगणात काम चाललं. मिस्त्रींनी इंजिनातलं सगळं तेल काढून टाकलं आणि नवीन भरलं. मग लाल तेलाचे नवे डबे आले. लांब नळीचं नरसाळं झाकणाखालच्या नळीत लावून राजवीर धार सोडत होता आणि मनाली पट्टी पुसून बघत होती. थोडं घालायचं, इंजिन चालू करायचं, दांडी एकेका गिअरवर फिरवायची, पुन्हा मापायचं. आक्कांनी दांडी पुढं टाकली आणि गाडी हलकेच पुढं सरकली, तेव्हा टाळ्या वाजवायलाही कुणाच्या हातात जोर नव्हता. धोंडीराम कामावर गेलेच नव्हते. त्यांनी संघर्षच्या केसांत कालपासून राहिलेली माती झटकली. "काल मी उठायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "तुम्ही तिघांनी जे केलं, ते आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी मलकापूरच्या रस्त्याला लागली. वाड्यांवरून तिघांनी चार माणसं हात धरून आणली. त्यांत चिमणाबाई नावाची एक आजी होती. पदर सावरत, गाडीचं दार चाचपडत ती आत बसली आणि म्हणाली, "जयभीम, आक्का. गाडी इकली म्हणून सांगत हुती माणसं. मी डोळ्याची आशाच सोडलेली."

"मीपण सोडली होती," आक्का म्हणाल्या. "या पोरांनी सोडली नाही."

कोल्हापूरला परतताना वारा सुटला. थोड्याच वेळात राजवीरची मान दाराला टेकली, संघर्ष दोन आजोबांच्या मधे झोपला आणि मनालीचं डोकं चिमणाबाईच्या मांडीवर आलं. चिमणाबाईला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिनं बोटांनी तो हळूच चाचपून बघितला, आपल्या पदरानं तिच्यावर सावली धरली आणि पुढं वाकून कुजबुजली, "आक्का, जरा दमानं घ्या. पोरं झोपल्यात."

आक्कांनी उजवा पाय हलका केला.