देठाकडची चकती

"काकी, लवकर या! बाबांना रक्ताची उलटी झाली!"

नमिताचा फोन येताच राहीबाई चहा तसाच टाकून समोरच्या घरात धावल्या. तीस वर्षं वाशीच्या मार्केटात भाजी विकलेली ही सातारची बाई सहसा घाबरत नसे. आज मात्र ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढली.

नमिताच्या सासऱ्याला, नामाला, तोवर दवाखान्यात हलवलं होतं. पुढचे दोन दात पडलेला हा म्हातारा गच्चीवर ड्रमांत भाज्या पिकवायचा. औषधाचा थेंब मारत नाही, ही त्याची शेखी अख्ख्या वाशीगावाला पाठ. आज वेलाचा पहिला दुधी तोडला, रस प्यायला आणि कोसळला.

त्याचा मुलगा, नमिताचा नवरा मिथुन दवाखान्यातून फोनवर ओरडत होता, "नमिता, रस तूच दिलास! बाबा शुद्धीवर हायत, पन बोलत नाय. मी पोलिसांना बोलवतो!"

नमिताने फोन खाली ठेवला. "काकी, मला आत टाकतील हो. माझी पोर शाळेत गेलीय, तिचं काय होईल?"

"आधी इचारते त्ये सांग. दुधी कुनी चिरला?"

"बाबांनी. मी फक्त मिक्सर फिरवला."

"तू न्हाई प्यालीस?"

"पेला उचलला, तर म्हणाले, तू नको पिऊ. सगळा त्यांनीच संपवला."

राहीबाई थबकल्या. "सालं कुठं टाकली?"

"खताच्या ड्रमात. बाबा देठसुद्धा वाया घालवत नाहीत."

गच्चीवर राहीबाईंनी ड्रम उपसला. सालींखाली देठाकडची एक चकती होती, चावून टाकलेली. दातांच्या खुणा दोन्ही बाजूंना, मध्ये मात्र कोरी. त्यांनी ती जिभेच्या टोकाला लावली आणि थू थू करत नळाकडे पळाल्या.

नमिताला घेऊन दवाखान्यात पोहोचताच त्यांनी आधी डॉक्टरांना गाठलं. "साहेब, दुधी कडूजहर हुता." मग चकती मिथुनसमोर धरली.

"सुनंनं काय बी मिसळलं न्हाई. कडू दुधी म्हंजे इखच. म्हनून आमी चिरताना देठाकडची चकती चाखतो. ही बी चाखलीया. मधले दात नसलेलं तोंड तुमच्या घरात कुनाचं? कडू हाय ह्ये ठावं हुतं, म्हनून तर सुनंला पिऊ दिलं न्हाई!"

सगळे खाटेकडे वळले. नामाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"कडू लागला," तो पुटपुटला. "पन पयला दुधी, टाकू कसा? सगल्यांना सांगून ठेवलेलं. वाटलं, कडू म्हंजे औषधी असल."

"आनि पोलिसांचं नाव निघालं तवा का बोलला न्हाई?" राहीबाईंनी विचारलं.

"लाज वाटली. लोक हसले असते."

नमिता खाटेजवळ आली. "बाबा, हे फोनवर ओरडत होते, ते तुम्ही ऐकत होतात?"

नामाने मान हलवली. हो.

मिथुनने पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. नमिताने ती घेतली नाही. ती राहीबाईंचा हात घट्ट धरून म्हणाली, "काकी, मला माझ्या पोरीकडे न्या."